पुढे काय आलं, मागे काय राहिलं

सुरतच्या उधन्यातल्या दवाखान्यात संध्याकाळी सातला पोहोचलो, तेव्हा शेजारच्या वहिनी मुलाला घेऊन आधीच बसल्या होत्या. मूळचे नंदुरबारकडचे. नवरा पांडेसऱ्यात लूमच्या खात्यात, बारा तासांची रात्रपाळी. मुलगा नऊ वर्षांचा. त्याचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. घरात निदान झालेलंच होतं : खालचा जबडा वाढलाय, तार लावून मागे घ्यायचा. मी सोबत गेलो तो गुजराती-मराठीची सांधेजोड करायला. पण तिथे पाहायला मिळालं ते निराळंच.

डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलंच नाही. मुलाला चष्मा काढायला लावला, केस कानामागे घेतले आणि भिंतीवरच्या आरशासमोर उभं केलं. "आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघ." दात मिटलेले, ओठ सैल. फोटो म्हटला की मुलं हनुवटी वर करतात, आणि मान थोडी मागे गेली तरी हनुवटी पुढे आल्यासारखी दिसते. म्हणून आधी डोकं सहज स्थितीत आणायचं, मग बाजूने पाहायचं.

बाजूने पाहताना तीन ठिकाणं धरतात : भुवयांच्या मधला उंचवटा, नाकाखाली ओठ सुरू होतो तो खळगा आणि हनुवटीचं टोक. ही तिन्ही जवळपास सरळ रेषेत असली तर चेहरा सरळ. मधलं ठिकाण फार पुढे असलं तर बाहेर फुगलेला, मागे असलं तर आत दबलेला. या मुलाचा दबलेला होता.

मग डॉक्टरांनी तळहाताने त्याचा खालचा ओठ आणि हनुवटी झाकली. "बेन, आता बघा." हनुवटी दिसेनाशी झाली, तरी चेहरा नीट वाटेना. नाकाच्या दोन्ही बाजू सपाट, डोळ्यांखालची जागा बसलेली. वहिनी हळूच अहिराणीत म्हणाल्या, "पोरना गाल बठेल शेतस." घरचं निदान तिथेच अर्धं कोसळलं. खालचं पुढे आलं होतं त्याहून जास्त वरचं मागे राहिलं होतं.

गालाचं हाड पाहण्याची रीत मला सगळ्यात आवडली. डॉक्टर मुलाच्या मागे उभे राहिले आणि त्याच्या कपाळावरून खाली पाहिलं. दोन्ही गालांचे उंचवटे सारखे आहेत की नाहीत ते असं कळतं. मग बोटाने डोळ्याखालची हाडाची कड चाचपली. बाजूने पाहताना बुबुळाच्या पुढच्या टोकापासून मनातल्या मनात एक उभी रेघ खाली सोडली. गाल त्या रेघेच्या आसपास असला की डोळ्याला बैठक मिळते. बराच मागे असला तर डोळा बाहेर आल्यासारखा वाटतो आणि बुबुळाखाली पांढरा भाग दिसू लागतो.

एक्स-रे त्यानंतर. बाजूने काढलेल्या या मोजमापाच्या एक्स-रेची पद्धत 1931 मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी बसवली. त्यात आधाराला धरतात ती, कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड जोडणारी आडवी रेषा त्याहून जुनी. मानववंशशास्त्रज्ञांनी ती 1884 मध्ये फ्रँकफर्टला ठरवली. वरचा जबडा कवटीच्या तळाशी किती कोन करतो, याची स्टायनर यांनी दिलेली सरासरी 82 अंश, खालच्या जबड्याची 80. या मुलाचा वरचा कोन 77 भरला, खालचा 80. अर्थात ही सरासरी गोऱ्या अमेरिकी चेहऱ्यांची. आपल्याकडे ती जशीच्या तशी लावून चालत नाही. शिवाय या एक्स-रेत डाव्या-उजव्या गालाची हाडं एकमेकांवर चढतात. त्यामुळे गालाचा निकाल शेवटी डोळा आणि बोटच देतात.

उपाय म्हणून मुखवट्यासारखी चौकट सुचवली गेली. कपाळावर आणि हनुवटीवर टेकणारी, रबराने वरचा जबडा पुढे ओढणारी, रोज बारा ते चौदा तास लावायची. "म्हणजे बापाची पाळीच की," वहिनी म्हणाल्या. मुलगा हसला, आणि हसताना वरचे दात खालच्यांच्या मागे लपले.

डॉक्टरांनी एक गोष्ट लपवली नाही. चौकटीने वरचा जबडा काहीसा पुढे येईल, दातांची जुळणी बसेल. गालाचं हाड मात्र फारसं हलणार नाही. वाढ चालू असताना पुन्हा पुन्हा तपासावं लागेल, मोठेपणी कदाचित शस्त्रक्रियाही लागेल. त्या शस्त्रक्रियेतही वरच्या जबड्याचा नेहमीचा छेद दातांच्या मुळांच्या वर, पण गालाच्या उंचवट्याच्या खाली जातो. गालाचं हाड जागच्या जागीच राहतं. तारेने दात हलतात, गाल नव्हे. तार लावली की चेहरा कोरीव होतो असं समजून येणाऱ्या तरुणांनाही हेच समजावावं लागतं.

चौकटीचं काम साधारण दहाव्या वर्षाच्या आत चांगलं होतं. पुढे हाडांचे सांधे पक्के होत जातात. वहिनी वेळेत आल्या. दुधाचे दात पडून जाऊ देत, मग बघू, असं म्हणत आपण थांबतो. तसं थांबू नका. सातव्या वर्षी मुलाला एकदा दाखवून आणा. आणि घरी त्याला आरशासमोर उभं करून, हनुवटी हाताने झाकून, बाजूने एकदा नीट बघा.