खालची सही

१९८७ साली बँकेचा अधिकारी म्हणून राळेगावला आलो, तेव्हा माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ होती. अनोळखी वाडीवर एकटाच चालत आलेला तो तरुण मास्तर मला जवळचा वाटे. मेंढरांमागे जाणारी पोरं शाळेत आणता आणता तो गावाची पत्रं लिहितो, तालीम उभी करतो. आणि शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते. कपाशीच्या या मुलखात मीही शेतकऱ्यांचे अर्ज लिहून देत असे. आपणही तसेच, असं मनातून वाटायचं.

१९५५ सालची ही कादंबरी ‘मी’ सांगतो. अशा कादंबरीचा चित्रपट करणं अवघड. पुस्तकात ‘मी’ला जग दिसतं, पण तो स्वतः कसा दिसतो, ते तो सांगेल तेवढंच कळतं. कॅमेरा मात्र त्याच्याच तोंडासमोर उभा राहतो. फ्रान्समध्ये रोबेर ब्रेसाँपुढे हाच पेच होता. खेड्यात आलेल्या एका तरुण पाद्र्याची रोजनिशी म्हणून जॉर्ज बेर्नानोसने १९३६ साली कादंबरी लिहिली. १९५१ साली तिच्यावर चित्रपट करताना ब्रेसाँने रोजनिशी लिहिणारा हात दाखवला, मागे पाद्र्याचाच आवाज ठेवला आणि त्याचा आजाराने ओढलेला चेहराही दाखवला. आपल्याकडे अमोल पालेकरांनी ‘बनगरवाडी’ पडद्यावर आणली ती १९९५ साली.

निवृत्तीनंतर मी राळेगावातच राहिलो. परवा नातीने लॅपटॉपवर हा चित्रपट लावून दिला. मास्तराचा चेहरा पाहता पाहता मला माझी एक दुपार आठवली.

त्या वर्षी कपाशी बुडाली होती. एक म्हातारे शेतकरी वसुलीची नोटीस घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“मले वाचता येत नाई, सायेब. तुमीच सांगा, काय लिवलं हाये?”

मी रक्कम सांगितली, मुदत सांगितली.

“कोन्या सायबानं धाडली?”

“वरून आली आहे, काका.”

खालची सही माझी होती. “तुमी होते म्हनून समजलं,” म्हणत ते हात जोडून गेले.

पुढे माझ्या पहिल्या कादंबरीत हा प्रसंग मी घातला. सांगणारा ‘मी’च होता. साहेब किती कनवाळू, अशी वाचकांची पत्रं आली. सहीबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

चित्रपट संपल्यावर नातीला हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आजोबा, हे पुस्तकात का नाही?”

‘बनगरवाडी’ घरातल्या सर्वांनी आधी वाचावी, मग पाहावी. माझ्या कादंबरीची पुढची आवृत्ती निघाली, तर त्या पानावर मला एक ओळ वाढवायची आहे.