साथीच्या दिवसांत शेतमालाचा बाजार

ज्वारी कणगींत राहते, गूळ कांहीं महिने ठेवतां येतो, कांदा चाळींत टाकून दराची वाट पाहतां येते. परंतु वांगीं, टोमॅटो, कोथिंबीर, कलिंगड, द्राक्षें या मालास थांबणें ठाऊक नाहीं. साथ आली म्हणून त्याचें पिकणें थांबत नाहीं, आणि बाजार बंद झाला म्हणजे आठ दिवसांत हंगामाची मेहनत बांधावर टाकावी लागते. उलटपक्षीं, बाजार जसाच्या तसा चालू ठेवला तर तेथूनच रोग गांवोगांव जातो. या दोन संकटांमधून वाट कशी काढावी, याचा विचार बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं स्वस्थतेच्या काळींच केला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

मागील अनुभव ताजा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें ११ मार्च २०२० रोजीं कोविडची साथ जगभर पसरल्याचें जाहीर केलें, आणि २५ मार्चपासून आपल्या देशांत टाळेबंदी लागू झाली. दोनच दिवसांनीं, २७ मार्च रोजीं, केंद्र सरकारनें शेतांतील कामें व बाजार समित्यांचे बाजार यांस सूट दिली. तथापि कागदावरील सूट आणि प्रत्यक्ष बाजार यांत अंतर पडलें. एप्रिल महिन्यांत पुण्याचा गुलटेकडी येथील बाजार बंद ठेवावा लागला. मुंबईस भाजीपाला पुरविणारा वाशीचा बाजार ११ मेपासून आठवडाभर बंद राहिला. चेन्नईचा कोयंबेडू बाजार ५ मे रोजीं बंद झाला, पण तोंपर्यंत तेथें येऊन गेलेल्या लोकांबरोबर रोग तमिळनाडूच्या अनेक जिल्ह्यांत पोंचला होता. बारामती शहरांत रुग्ण आढळल्यावर एप्रिलमध्यें राजस्थानांतील भिलवाड्याच्या धर्तीवर व्यवस्था करण्यांत आली. शहराच्या वाटा रोखल्या, घरोघर पाहणी झाली, जिन्नस घरपोंच देण्याची सोय झाली. नागरिकांची त्यानें सोय झाली खरी. परंतु नीरा डाव्या कालव्याखालीं जो भाजी व फळें पिकवितो, त्याचा सारा माल एका गांवांत खपत नाहीं. मोठा बाजार मिटला कीं त्याचे हात बांधले जातात.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. साथ म्हटली म्हणजे सर्वत्र एकच उपाय, ही समजूत चुकीची आहे. प्रथम रोगाची वाट ओळखावी आणि मग बाजाराचा नियम ठरवावा. १८९६ सालीं मुंबईंत व पुढें पुण्यांत प्लेग आला, तेव्हां माणसांच्या झडतीवर भर दिला गेला. तो रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हें फ्रेंच संशोधक सिमाँ यांनीं १८९८ सालीं दाखविलें. म्हणजे प्लेगांत धान्याची वखार व तेथील उंदीर हें धोक्याचें ठिकाण होय. पटकीची वाट दूषित पाण्याची. तेथें बाजारांतील पाणपोई आधीं तपासावी. सप्टेंबर २०२२ मध्यें लम्पी रोगामुळें राज्यांत गुरांचे बाजार बंद करण्यांत आले. तेथें वाहक म्हणजे चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड. १९१८ चा इन्फ्लुएंझा आणि २०२० चा कोविड यांची वाट मात्र श्वासाची. रोगी माणूस बोलतो, खोकतो, ओरडतो, त्या हवेंतून रोग दुसऱ्याकडे जातो. आणि अंगीं लक्षणें दिसण्यापूर्वींही जातो.

ही वाट ध्यानांत घेतली म्हणजे बाजारांत धोका कोठें आहे, हें आपोआप कळतें. तो कोबीच्या गड्ड्यांत नाहीं. तो लिलावाच्या घोळक्यांत आहे. एका खरेदीदारानें सकाळीं तीस वकलांवर बोली बोलली, तर तो तीस घोळक्यांत उभा राहिला, आणि प्रत्येक ठिकाणीं मोठ्यानें ओरडला. माणसांच्या अंगावर औषधी पाणी फवारण्याचा जो प्रकार २०२० सालीं कित्येक ठिकाणीं झाला, त्याचा उपयोग नाहीं व अपाय मात्र आहे, असें केंद्रीय आरोग्य खात्यानें त्याच एप्रिलमध्यें कळविलें होतें. तो खर्च वांचवून पुढील गोष्टींवर करावा.

पहिली गोष्ट जागेची. श्वासाच्या रोगांत पत्र्याच्या बंद गाळ्यापेक्षां उघडें मैदान शतपटीनें बरें. वकलांमध्यें चार हात अंतर राहील अशा फक्कीच्या खुणा कराव्या आणि येण्याची वाट व जाण्याची वाट निराळी ठेवावी.

दुसरी गोष्ट वेळेची. सर्व गांवांनीं पहांटे एकदम येण्याऐवजीं गांवांचे वार बांधून द्यावे व गाड्यांस क्रमांक द्यावे. पालेभाजी पहांटे, फळें त्यानंतर, कांदा-बटाटा दुपारीं, असा क्रम लावल्यास गर्दी तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि आवक मात्र तेवढीच राहते. मालाबरोबर एकच माणूस यावा.

तिसरी गोष्ट लिलावाची. बोली ओरडून न घेतां चिठ्ठीवर घ्यावी, अगर पुकारणाऱ्यानें कर्णा वापरावा. परंतु येथें सावधगिरी हवी. रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरविण्याची जुनी हत्ता पद्धत शेतकऱ्यास अंधारांत ठेवीत असे. १९३९ च्या मुंबई प्रांताच्या व पुढें १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें जो उघड व्यवहार आपणांस मिळाला, तो रोगाच्या निमित्तानें गमावूं नये. यास्तव चिठ्ठ्या मालकासमोर उघडाव्या, सर्व भाव मोठ्यानें वाचावे आणि हिशोबपट्टी त्याच दिवशीं द्यावी.

चौथी गोष्ट हमाल व तोलणार यांची. शेतकरी आठवड्यांतून एकदां येतो. हमाल रोज शेंकडों माणसांजवळ जातो. तो आजारी पडला तर सर्व बाजार आजारी पडतो. नाक व तोंड दोन्ही झांकणारी मुखपट्टी त्यास समितीनें द्यावी. हनुवटीवर ओढलेली पट्टी निरुपयोगी. पण त्याहून महत्त्वाचें असें, कीं ताप आलेल्या हमालास घरीं बसण्याची मजुरी मिळाली पाहिजे. मजुरी बुडते म्हणून तो ताप लपवितो, आणि मग एका दिवसाच्या मजुरीपायीं पंधरा दिवसांचा बाजार जातो. हा हिशोब प्रत्येक बागाईतदारास कळण्यासारखा आहे.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला? बाजारच बंद करावा. आमचें उत्तर असें, कीं बाजार बंद केल्यानें गर्दी नाहींशी होत नाहीं, ती सडकेवर जाते. तेथें ना अंतर, ना वजनाची खात्री, ना पैशांची. रोगी सांपडल्यास माग काढण्यास नोंदवहीही नसते. बंद ठेवणें अटळ झालें तर ती मुदत आधीं जाहीर करावी, म्हणजे तोडणी त्या बेतानें करतां येते.

थेट विक्रीचा मार्गही जोडीस ठेवावा. २०१६ सालीं राज्य सरकारनें आवाराबाहेरील फळें व भाजीपाल्याचा व्यवहार बाजार समितीच्या नियमनांतून वगळला. त्यामुळें शेतकऱ्यांच्या गटास शहरांतील वसाहतींत माल नेतां येतो. मात्र त्यास क्रेट, वाहन, तोलकाटा व हिशोब ठेवणारा माणूस लागतो, आणि जमल्यास आगाऊ मागणी हवी. एका एकराच्या कलिंगडाचा एकदम उठाव अशा विक्रीनें होणार नाहीं. म्हणून ती मोठ्या बाजाराची जोड आहे, बदली नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेनें कोविडची आणीबाणी ५ मे २०२३ रोजीं संपल्याचें जाहीर केलें. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली खोड प्रसिद्धच आहे. ती या कामीं तरी सोडावी. प्रत्येक गांवच्या सोसायटीनें कोणता माल कोणत्या आठवड्यांत किती निघतो याची यादी करावी, मोकळें मैदान व पाण्याची सोय हेरून ठेवावी, हमालांच्या मजुरीसाठीं थोडी शिल्लक बाजूस काढावी आणि गांवांचे वार कसे असावे हें बाजार समितीशीं बोलून आजच कागदावर उतरवावें. पुढील साथ केव्हां येईल हें सांगतां येत नाहीं; परंतु ती ऐन तोडणींत आली, तर हा कागद हातीं असणाऱ्या गांवचा माल बांधावर कुजणार नाहीं.