पदवी परदेशची, प्रश्न घरचा

मुलगा अथवा मुलगी उच्च पदवीसाठीं परदेशीं जाण्याचें ठरलें, कीं घरांत प्रथम खर्चाचा हिशेब मांडला जातो, तो मांडावाच. परंतु तेथें कोणता प्रश्न घेऊन जावयाचें, याचा निर्णय त्याहून महत्त्वाचा होय, असें आम्हांस वाटतें. कै. धनंजयराव गाडगीळ यांनीं केंब्रिज येथें एम्. लिट्. पदवीसाठीं विषय घेतला तो हिंदुस्थानच्या औद्योगिक घडणीचा. तो प्रबंध १९२४ सालीं ग्रंथरूपानें निघाला. तोच व्यासंग वाढवीत ते १९३० मध्यें पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झाले, पुढें प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष आणि १९६७ मध्यें नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. तेव्हां कर्ज काढण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं मुलांस एवढें अवश्य विचारावें : तेथें जाऊन तूं शोधणार काय?