हौशी छायाचित्रकारांनी सॉफ्टवेअर निवडावे कसे?

सातारा / सांगली - पावसाळा ओसरू लागला, की कास पठारावर तेरडा, सीतेची आसवे आणि गेंद बहरतात आणि साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरील या पठाराकडे हौशी छायाचित्रकारांची पावले वळतात. सांगलीकरांना कृष्णेचे घाट, आयर्विन पूल आणि सागरेश्वर अभयारण्यातील हरणे हे विषय बारमाही उपलब्ध आहेत. मात्र छायाचित्र टिपल्यानंतर त्यावर संस्कार करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न अनेकांना पडतो. निवड चुकली तर पैसा वाया जातोच. शिवाय अनेक वर्षांची मेहनतही अडकून पडू शकते.

'रॉ' की 'जेपेग'?

निवडीचा पहिला निकष म्हणजे छायाचित्राचे स्वरूप. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पातळ्या नोंदवल्या जातात. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये ही संख्या १६,३८४ पर्यंत जाते. पांढऱ्या गेंदांवर ऊन पडले की त्यांचा तपशील नाहीसा होतो, तर धुक्यात सारे दृश्य फिके पडते. अशा वेळी रॉ फाइलमधून जेवढे परत मिळवता येते, तेवढे जेपेगमधून मिळत नाही. त्यामुळे रॉ वापरणाऱ्यांना ती फाइल उघडणारे सॉफ्टवेअर आवश्यक ठरते. मोबाईलवरील छायाचित्रांची काटछाट आणि उजेडाची दुरुस्ती एवढीच गरज असेल, तर गुगलचे मोफत 'स्नॅपसीड' पुरेसे आहे.

वर्गणीचे गणित

अॅडोबीचे 'फोटोशॉप' १९९० मध्ये, तर छायाचित्रकारांसाठीचे 'लाइटरूम' २००७ मध्ये बाजारात आले. २०१३ पासून कंपनीने फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे धोरण स्वीकारले. वर्गणी थांबल्यास 'लाइटरूम क्लासिक'मधील छायाचित्रे पाहता येतात. पण त्यांच्यावर संस्कार करण्याचा विभाग बंद होतो. म्हणूनच वर्षातून दोन-तीन महिनेच छायाचित्रण करणाऱ्यांनी बारा महिन्यांच्या खर्चाचा हिशेब आधी मांडावा. संगणकाची क्षमताही तपासावी. या सॉफ्टवेअरना किमान ८ जीबी रॅम लागते. १६ जीबी असल्यास काम सुकर होते.

मोफत, पण दुबळे नव्हे

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेले 'गिम्प' आजही विनामूल्य मिळते. रॉ फाइलसाठी 'डार्कटेबल' आणि 'रॉथेरपी' हे मुक्त पर्याय आहेत. ती शिकण्यास वेळ लागतो, हीच त्यांची खरी किंमत. याशिवाय कॅननचे 'डिजिटल फोटो प्रोफेशनल' आणि निकॉनचे 'एनएक्स स्टुडिओ' त्या त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना मोफत मिळते. नवोदितांनी सुरवात येथूनच करणे श्रेयस्कर. चोरीच्या प्रतीचा मोह मात्र टाळावा. तिच्यासोबत व्हायरस येण्याचा धोका असतोच. शिवाय जाणूनबुजून अशी प्रत वापरणे हा स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार गुन्हा आहे.

मूळ प्रत जपावी

घरोघरी वापरले जाणारे गुगलचे 'पिकासा' २०१६ मध्ये बंद झाले. कोणतेही सॉफ्टवेअर कायमचे नसते, हाच त्यातील धडा. लाइटरूम किंवा डार्कटेबल मूळ फाइलला हात न लावता केलेले बदल सूचनांच्या रूपात साठवतात; एकाच्या सूचना दुसऱ्याला पूर्णपणे उमगत नाहीत. त्यासाठी अंतिम छायाचित्र टिफ किंवा जेपेग स्वरूपात वेगळे साठवावे. मूळ फाइलची एक प्रत दुसऱ्या गावीही असावी. २००५ आणि २०१९ चे महापूर अनुभवलेल्या सांगलीकरांना याचे कारण वेगळे सांगायला नको. स्पर्धेत भाग घेणाऱ्यांनाही मूळ फाइल मोलाची ठरते. 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'सारख्या स्पर्धेत अंतिम टप्प्यात ती तपासली जाते.

थोडक्यात, प्रथम गरज ठरवावी, मग मोफत सॉफ्टवेअरवर एक हंगाम काढावा. त्याची मर्यादा प्रत्यक्ष जाणवू लागली, तरच पैसे मोजावेत. तोवर तीच रक्कम चांगल्या ट्रायपॉडवर खर्च केली, तर पुढच्या हंगामातील फुले अधिक सुस्पष्ट येतील.