जमैकाच्या मळ्यात साखर कशी होत असे

तोडलेला ऊस फार काळ ठेवता येत नाही. दिवस-दोन दिवसांत रस आंबू लागतो, हे गुऱ्हाळ पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असते. अठराव्या शतकात जमैका बेटावर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लाखो माणसांची झोप, जेवण आणि आयुष्य उसाच्या या घाईने ठरवले.

सुरुवात लागणीपासून. नांगर क्वचितच वापरत. चार-पाच फुटांचे चौकोनी खड्डे माणसे कुदळीने खणत आणि खताच्या ओल्या, जड टोपल्या डोक्यावर वाहून आणत. पहिल्या टोळीत धडधाकट प्रौढ असत. पुरुषांतले बरेच जण सुतारकाम, पिंपे बनवणे, रस उकळणे अशा कामांवर जात, त्यामुळे खणण्या-तोडण्याच्या या सर्वांत कष्टाच्या टोळीत अनेक मळ्यांवर बायकाच जास्त असत. दुसऱ्या टोळीत वाढत्या वयाची मुले. तिसरीत पाच-सहा वर्षांची पोरे तण उपटत, जनावरांसाठी गवत गोळा करत. मागे चाबूक घेतलेला मुकादम. तोही बहुधा गुलामच.

दीडेक वर्षाने, जानेवारीच्या सुमारास तोड सुरू होई आणि मग चरक दिवसरात्र फिरे. दिवसभर शेतात राबलेल्यांनाच रात्रीची पाळी आळीपाळीने करावी लागे. चरकाचे तीन उभे लाट. एक जण समोरून ऊस घाली, दुसरा मागून चिपाडे घेऊन परत लोटी. झोपेने डोळा लागला की बोटे उसाबरोबर आत जात, पाठोपाठ हात. चरक लगेच थांबत नसे. म्हणून जवळ कुऱ्हाड ठेवलेली असे, हात तोडून माणूस वाचवण्यासाठी. अपघात होणार हे मालकांनी गृहीतच धरले होते.

पलीकडे मोठ्यापासून लहानापर्यंत काहिलींची रांग, खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ. चुना घालून मळी काढायची, दाट होत जाणारा रस पळ्यांनी पुढच्या काहिलीत ओतायचा. शेवटच्या काहिलीत दाणा नेमका कधी धरतो हे ओळखणारा माणूस मळ्याचा सर्वांत जाणकार कारागीर. तो आफ्रिकी होता, आणि मालकाच्या वहीत त्याची नोंद मालमत्ता म्हणून होती. उकळता रस अंगावर उडाला तर कातडीला चिकटून बसे.

पोटासाठी थोडे खारे मासे मिळत. बाकी कंद-भाज्या डोंगरउतारावरच्या तुकड्यांत, सुट्टीच्या वेळात, स्वतः पिकवायच्या. जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत. जमैकात सुमारे 10 लाख आफ्रिकी माणसे उतरवली गेली, त्यांतली काही पुढे इतर वसाहतींत विकली गेली. तरीही 1834 मध्ये बेटावर गुलामांची संख्या जेमतेम 3 लाख 11 हजार होती.

उसाची घाई मालकांवर उलटवता येते, हे सॅम्युअल शार्प या गुलाम बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने ओळखले. 1831 च्या नाताळात ऊस तोडणीला आला असताना मजुरीशिवाय कामावर जायचे नाही, असे त्याने गावोगावी ठरवून घेतले. 27 डिसेंबरला केन्सिंग्टन मळा पेटला आणि संपाचा उठाव झाला. तो चिरडताना आणि नंतर 300 हून अधिक जणांना मृत्युदंड दिला गेला. शार्पला 23 मे 1832 रोजी माँटेगो बे येथे फाशी झाली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला. त्यात मालकांना 2 कोटी पौंड भरपाई मंजूर झाली. राबलेल्यांना एक पैही मिळाली नाही. उलट 1838 पर्यंत ‘उमेदवार’ म्हणून त्याच मळ्यांवर आठवड्यातला बहुतेक वेळ त्यांना फुकट राबावे लागले.