दांडीचं लाकूड: नाव नको, रेष पाहा

ऑगस्ट १९६३. लंडनच्या पश्चिमेला फेल्टम नावाच्या वस्तीत ब्रायन मे हा सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनी घरातच इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली. फेंडर कंपनीची गिटार विकत घेण्याइतका पैसा घरात नव्हता. दांडीसाठी, म्हणजे गिटारवादक जिला ‘नेक’ म्हणतात तिच्यासाठी, लाकूड मिळालं ते एका परिचिताकडच्या जुन्या फायरप्लेसच्या चौकटीचं. महोगनी, शंभरीच्या पुढची. किड्यांनी तिला भोकं पाडली होती, ती ब्रायनने आगकाड्या ठासून बुजवली. चाकूने आणि पॉलिश पेपरने, हाताने घासत त्याने दांडीला आकार दिला. वरची पट्टी ओकची, काळी रंगवलेली, आणि तिच्यावरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं कापून केलेले. हीच ती ‘रेड स्पेशल’. पुढे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या गाण्यांना साथ देत ती ‘क्वीन’ बँडसोबत जगभर वाजली. २००२ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवरही मे यांच्या हातात तीच होती.

टाकाऊ चौकटीतून इतकी वर्षं टिकणारी दांडी निघाली, यात नशीब नक्कीच होतं. पण लाकडाची बाजूही भक्कम होती.

मध्यम जाडीच्या सहा तारा सुरात लावल्या की इलेक्ट्रिक गिटारच्या दांडीवर सुमारे ४५ किलोंचा ताण येतो. अकूस्टिक गिटारवर तो सत्तरच्या घरात जातो. हा ताण रात्रंदिवस दांडीला पुढे वाकवू पाहतो. तो तोलण्यासाठी दांडीच्या पोटात पोलादी सळई बसवतात. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी अशा, पेचाने कमी-जास्त आवळता येणाऱ्या सळईच्या पेटंटसाठी १९२१ साली अर्ज केला होता. मे बाप-लेकांनीही आपली सळई घरीच घडवली. मात्र सळई पुढचा-मागचा बाक सुधारते, पीळ नाही. पिळलेली दांडी दुरुस्त करणं महाकठीण, आणि पिळाचं मूळ लाकडातच असतं.

ओलं लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखं आटत नाही. लांबीत ते जवळजवळ आटतच नाही. आडवं आटतं, तेही दोन तऱ्हांनी: गाभ्याकडून सालीकडे कमी, वाढीच्या कड्यांच्या अंगाने जास्त. फेंडरच्या आवडत्या कठीण मेपलमध्ये हे आकडे ४.८ आणि ९.९ टक्के आहेत, सागवानात २.५ आणि ५.८, तर महोगनीत ३ आणि ४.१. दोन आकड्यांमधलं अंतर जितकं मोठं, तितकी लाकडात ओढाताण जास्त. महोगनीचा लौकिक इथून आला आहे. पण मेपलच्या दांड्याही १९५० पासून जगभर वाजताहेत, म्हणजे निवाडा नुसत्या जातीवर होत नाही.

तो होतो तुकड्यावर. फळीचं कापलेलं टोक पाहावं. वाढीच्या कड्यांच्या रेषा फळीच्या रुंद बाजूशी काटकोनात उभ्या असतील तर तो तुकडा उत्तम. मग फळीची कड पाहावी. तिथे रेष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. ती तिरकी सुटत असेल, तर आडवं आटणं थोडंथोडं लांबीत उतरतं आणि दांडी वाकते. शिवाय तिरकी रेष जिथे लाकडाबाहेर पडते तिथूनच लाकूड चिरतं. गिब्सनच्या गिटारांची डोकी मानेशी मोडतात ती याच कारणाने: डोकं १७ अंशांनी मागे कललेलं, दांडी अखंड लाकडातून कोरलेली, त्यामुळे वळणावर धागे अगदी आखूड राहतात. घरी करणाऱ्याने फळी तिरकी कापावी आणि निघालेला तुकडा उलटून पुन्हा चिकटवावा. मग डोक्यातही धागा सरळ धावतो आणि लाकूडही कमी लागतं. अखंड लाकडाचा हट्ट मला इथे मुळीच पटत नाही.

आपल्याकडे काय वापरावं? मिरजेचे कारागीर सतारीला आणि तंबोऱ्याला तून वापरतात. तून आणि महोगनी दोन्ही कडुनिंबाच्या कुळातली झाडं. पण सतारीची दांडी रुंद आणि आतून पोकळ, गिटारची सडपातळ. एकट्या हलक्या तुनीवर तिचा भार टाकायला मी धजणार नाही. माझं मत पडतं ते जुन्या सागवानाला. वाडे पाडल्यावर निघालेले वासे आणि चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतात. इतक्या वर्षांत त्यांनी घ्यायचे ते पीळ बहुधा घेतलेले असतात. सागवान पटाशीची धार लवकर मारतं. त्याच्या अंगात तेल असल्याने चिकटवण्याच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनने पुसावं लागतं. जुने खिळेही शोधून काढावे लागतात. वरच्या पट्टीला शिसव घ्यावी. ब्राझीलची शिसव दुर्मीळ झाल्यावर, १९६९ पासून, मार्टिनसारखी नामांकित कंपनीही भारतीय शिसवीकडेच वळली.

मुरलेलं लाकूडही हवेप्रमाणे हलतंच. हवेत ८० टक्के आर्द्रता असली की लाकडात सुमारे १६ टक्के पाणी राहतं, ४० टक्के असली की आठाच्याही खाली. म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात दांडी घडवू नये. दिवाळीनंतर तुकडा रंध्याने जाडसर उतरवून महिनाभर घरात, चारी बाजूंनी वारा लागेल असा ठेवावा आणि मग दोन्ही टोकांना सरळ पट्ट्या ठेवून नजर टाकावी. पट्ट्या एका पातळीत दिसल्या तर पुढे जा. नाही दिसल्या, तर लाकूड कितीही देखणं असो, त्याचं दुसरं काहीतरी करा आणि दांडीसाठी नवा तुकडा शोधा.