बायोगॅसच्या टाकीलाही अजीर्ण होते
घरगुती बायोगॅस संयंत्र बंद पडण्यामागे अनेकदा अधाशी भरणा असतो. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र विकसित केले. मोठ्या टाकीत किंचित लहान टाकी उपडी घातलेली असते. वायू साठला की ती वर उचलली जाते. रचना एवढीच.

सुरुवात शेणकाल्याने करावी. मिथेन निर्माण करणारे जिवाणू त्यातूनच मिळतात. पहिला वायू सहसा पेटत नाही. तो उघड्यावर, विस्तवापासून दूर सोडून द्यावा. पुढे शिळा भात, पीठ, फळांच्या साली बारीक करून, पाण्यात कालवून, रोज थोड्या प्रमाणात घालाव्यात.

चवथीचे उरलेले सारे जेवण एकाच दिवशी टाकीत ओतण्याचा मोह होतो आणि तेथेच घात होतो. अन्नाचे आम्ल करणारे जिवाणू चपळ, त्या आम्लापासून मिथेन करणारे संथ. भरणा वाढला की आम्ल साचते, आंबूस वास सुटतो, ज्योत मंदावते. अशा वेळी टाकी रिकामी करण्याची घाई नको. भरणा थांबवावा, थोडा ताजा शेणकाला घालावा आणि ज्योत पुन्हा निळी होईपर्यंत थांबावे. त्यास आठवडा लागतो, कधी अधिकही.